कळलावीची लागवड व अभिवृद्धी

कळलावी (शास्त्रीय नाव : ग्लोरिओसा सुपर्बा) ही कंदापासून उगवणारी, ताण्यांच्या आधाराने चढणारी बहुवर्षायू रानवेल आहे. तिचा समावेश कॉल्चिकेसी या कुलात होतो. पूर्वी ती लिलिएसी कुलात गणली जात असे. पावसाळ्यात येणारी, ज्वाळेसारखी दिसणारी पिवळी-तांबडी फुले हे तिचे ठळक वैशिष्ट्य होय. पाऊस संपल्यावर जमिनीवरील वेल पूर्णपणे वाळते. कंद मात्र जमिनीत सुप्तावस्थेत राहतो व पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटतो. या वनस्पतीचे सर्व भाग विषारी आहेत. प्रस्तुत लेखात तिची बागेतील लागवड व अभिवृद्धी यांची माहिती दिली असून, नांदेड जिल्ह्यातील मुदखेड परिसरासारखी काळी जमीन आणि कोरडा, कडक उन्हाळा असलेल्या प्रदेशाचा त्यात विशेष विचार केला आहे.

नावे व व्युत्पत्ती

‘कळलावी’ या नावाचा संबंध ‘कळ’ या शब्दाशी आहे. प्रसूतीच्या वेळी कळा याव्यात म्हणून या वनस्पतीच्या कंदाचा लेप लावण्याची प्रथा पूर्वी होती. त्यावरून कळ लावणारी ती कळलावी. ‘कळ लावणे’ याचा मराठीत भांडण लावून देणे असाही अर्थ होतो. त्यामुळे ही वेल घरात किंवा अंगणात लावल्यास घरात कलह होतो, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते.

संस्कृतमध्ये तिला लांगली, कलिहारी, अग्निशिखा, विशल्या, गर्भपातिनी अशी नावे आहेत. ‘लांगल’ म्हणजे नांगर. कंदाचा आकार नांगरासारखा वाकडा असल्याने ‘लांगली’ हे नाव पडले. ‘अग्निशिखा’ हे नाव फुलाच्या रूपावरून आले आहे. मराठीत खड्यानाग, वाघनखी ही नावेही प्रचलित आहेत, तर कोकणात तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात. काही भागांत तिला ‘बचनाग’ असेही म्हटले जाते. परंतु आयुर्वेदातील वत्सनाभ अर्थात खरा बचनाग ही हिमालयात वाढणारी, वेगळ्या कुलातील वनस्पती आहे. दोन्ही विषारी असल्या, तरी त्यांतील विषद्रव्ये भिन्न आहेत.

शास्त्रीय नाव लिनीअस याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील ‘ग्लोरिओसा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वैभवशाली, तर ‘सुपर्बा’ याचा अर्थ दिमाखदार असा आहे.

वर्णन

वेलीचे खोड बारीक, हिरवे व नाजूक असते. आधार मिळाल्यास ती साधारण दोन ते तीन मीटर, क्वचित त्याहून अधिक उंच जाते. पाने देठरहित, लांबट व भाल्याच्या पात्यासारखी असून त्यांच्या टोकाचे रूपांतर कुरळ्या ताण्यात (प्रतानात) झालेले असते. चढण्यासाठी वेगळा अवयव नसून पानाचे टोकच आधाराला विळखा घालते.

फुले मोठी, एकेकटी व लांब देठाची असतात. प्रत्येक फुलात सहा परिदले असून त्यांच्या कडा लहरदार असतात. फूल उमलताना ती हिरवट-पिवळी असतात. पुढे मागे वळून वर उभी राहतात आणि काही दिवसांत खालून पिवळी व वरून तांबडी होत अखेरीस संपूर्ण लालबुंद होतात. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी वेगवेगळ्या रंगांची फुले दिसतात. सहा पुंकेसर चक्राच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पसरलेले असतात. कुक्षीवृंत अंडाशयापासून जवळजवळ काटकोनात एका बाजूला वळलेला असतो. फळ म्हणजे तीन कप्प्यांचे लांबट बोंड असून ते पिकल्यावर उकलते व आतील नारिंगी-लाल आवरणाच्या गोलसर बिया दिसू लागतात.

आढळ

कळलावी आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात तसेच भारत, श्रीलंका व आग्नेय आशियात नैसर्गिकरीत्या आढळते. झिंबाब्वेचे हे राष्ट्रीय फूल असून तमिळनाडूचे राज्यफूल आहे. १९४७ मध्ये तत्कालीन राजकन्या एलिझाबेथ यांना दक्षिण ऱ्होडेशियातर्फे (आताचे झिंबाब्वे) या फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रूच भेट देण्यात आला होता.

महाराष्ट्रात सह्याद्री व कोकणातील झुडपी रानात, कुंपणांवर आणि शेतांच्या बांधांवर ती दिसते. मराठवाडा तुलनेने वृक्षविरळ असला, तरी किनवट-माहूरच्या वनपट्ट्यात तिला अनुकूल परिस्थिती आहे. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर व किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग याच पट्ट्यात पोहोचतो.

वार्षिक जीवनक्रम

कळलावीची लागवड यशस्वी होणे हे तिचा वार्षिक जीवनक्रम समजण्यावर अवलंबून आहे. तो पुढीलप्रमाणे असतो :

मे–जून : वळवाच्या किंवा मृगाच्या पावसाने जमीन ओली होताच कंदाच्या टोकावरील डोळा फुटून कोंब वर येतो.

जुलै–सप्टेंबर : वेल वाढते व फुलते. भाद्रपदाच्या सुमारास फुलांचा बहर असतो. याच काळात जुन्या कंदातील साठा संपत जाऊन कोंबाच्या तळाशी नवा कंद तयार होत असतो.

ऑक्टोबर–नोव्हेंबर : बोंडे पक्व होतात, पाने पिवळी पडतात.

डिसेंबर–मे : वेल वाळून नाहीशी होते. जुना कंद सुकून गेलेला असतो व नवा कंद जमिनीत विश्रांती घेतो.

म्हणजे वेल अनेक वर्षे जगते असे म्हटले, तरी तिचा कंद दरवर्षी नवा असतो. उन्हाळ्यातील उष्णता व कोरडेपणा कंद सहज सोसतो. पाणी साचून राहणे त्याला सोसत नाही. म्हणूनच ही वनस्पती कोरड्या हवामानात काटक ठरते व चिबड जमिनीत दगावते.

लागवड

जमीन : निचऱ्याची, सेंद्रिय द्रव्ययुक्त व किंचित आम्ल ते उदासीन जमीन या वेलीला मानवते. मुदखेड परिसर गुलाब, मोगरा, काकडा अशा फुलांच्या शेतीसाठी ओळखला जातो. मात्र तेथील भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत थेट लावलेला कंद सततच्या झडीत कुजण्याची शक्यता असते. त्यावर उपाय म्हणून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यात मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीत लावायची असल्यास किमान ३० सेंटिमीटर खोलीची कुंडी घेऊन माती, वाळू व शेणखत समप्रमाणात भरावे. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे राहील याची काळजी घ्यावी.

जागा : वेलीच्या शेंड्याला भरपूर ऊन व बुंध्याला थोडी सावली मिळेल अशी जागा उत्तम. रानात ती झुडपातून वर येते, त्यामुळे तिच्या मुळाशी नेहमी सावली असते. बागेत हेच साधण्यासाठी बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करतात.

लावणी : मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत कंद लावतात. कंद उभा न लावता आडवा ठेवावा व डोळ्याचे टोक किंचित वर राहू द्यावे. त्यावर सात ते दहा सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. दोन कंदांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. डोळा अत्यंत ठिसूळ असतो. तो मोडल्यास बहुधा त्या हंगामात वेल उगवत नाही. म्हणून कंद हाताळताना टोकाला धक्का लागू देऊ नये. भरीव, वजनदार कंदापासून त्याच वर्षी फुले येतात. लहान कंदाची वेल पहिल्या वर्षी केवळ पानांवर राहू शकते.

आधार : ताणा म्हणजे पानाचे टोकच असल्याने तो जाड खांबाला वेढू शकत नाही. बांबूच्या बारीक काड्या, तुरीच्या वाळलेल्या फांद्या (तुराट्या), तारेची जाळी किंवा बारीक फांद्यांचे झुडूप असा आधार योग्य ठरतो. कोंब वर येण्यापूर्वीच आधार रोवावा. नंतर रोवल्यास जमिनीतील कंदाला इजा होऊ शकते. वेल वाऱ्याने मोडू नये यासाठीही आधार आवश्यक असतो.

पाणी व खत : पाऊस नियमित असेपर्यंत वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पावसात खंड पडल्यास जमीन पाहून चार-पाच दिवसांनी पाणी द्यावे. लावणीच्या वेळी दिलेले शेणखत बहुधा पुरेसे होते. नत्रयुक्त खत अधिक दिल्यास पाने माजतात व फुले कमी येतात.

विश्रांतीचा काळ : पाने पिवळी पडू लागताच पाणी बंद करावे. हिरवी वेल फुलांनंतर लगेच कापू नये, कारण पाने वाळेपर्यंत नव्या कंदात अन्नसंचय चालू असतो. निचऱ्याच्या वाफ्यातील कंद जागेवरच ठेवता येतात. मात्र तेथे खूण करून ठेवावी आणि वाफ्याला हिवाळी-उन्हाळी पाणी मिळणार नाही असे पाहावे. हिरवळीच्या किंवा बारमाही फुलझाडांच्या वाफ्यात कळलावी टिकत नाही, याचे कारण हेच अनावश्यक पाणी होय.

कंद काढून ठेवायचे असल्यास ते सावलीत वाळवून, कोरड्या वाळूत, हवेशीर जागी ठेवतात. नांदेड जिल्ह्यात हळदीची लागवड मोठ्या प्रमाणावर होते आणि अनेक घरांत हळदीचे बेणे साठवलेले असते. कळलावीचे कंद हळद, आले, रताळी यांच्याजवळ कधीही ठेवू नयेत. त्यांचे भांडे वेगळे, झाकलेले व ‘विषारी’ असे स्पष्ट लिहिलेले असावे.

अभिवृद्धी

कंदविभाजन : पूर्ण वाढलेला कंद इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या किंवा नांगराच्या आकाराचा असतो. त्याच्या दोन भुजा असून प्रत्येक भुजेच्या बाहेरील टोकाशी एकच डोळा असतो. दोन्ही भुजा सांध्यापाशी अलग केल्यास दोन स्वतंत्र वेली मिळतात. विभाजन कंद सुप्तावस्थेत असताना, लावणीपूर्वी करतात. कापलेली जागा तीन-चार दिवस सावलीत सुकू द्यावी व बुरशीनाशक लावून मगच लावणी करावी.

बटाट्याच्या कंदावर अनेक डोळे असतात, त्यामुळे त्याचे अनेक तुकडे करून लावता येतात. कळलावीत तसे करता येत नाही. डोळा नसलेला मधला तुकडा कितीही मोठा असला तरी रुजत नाही. एका भुजेपासून वर्षअखेरीस फार तर दोन भुजांचा नवा कंद मिळतो. म्हणजे एकही कंद न कुजता सर्व काही सुरळीत झाले, तरी एका भुजेच्या पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी चार व तिसऱ्या वर्षी आठ भुजा होतात. प्रत्यक्षात हा वेग याहून कमी असतो.

बियांपासून : बोंडे वाळून उकलू लागली की बिया गोळा करतात. बियांचे कवच कठीण असून त्यांनाही काही महिने विश्रांती लागते. म्हणून हिवाळ्यात जमवलेल्या बिया पुढील जूनमध्ये पेरणे सोयीचे असते. पेरणीपूर्वी वरील लाल आवरण काढून बिया एक दिवस कोमट पाण्यात भिजवतात आणि वाळूमिश्रित मातीत सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरतात. उगवण असमान असते : काही बिया तीन-चार आठवड्यांत, तर काही कित्येक महिन्यांनी उगवतात. त्यामुळे पेरलेली कुंडी लवकर रिकामी करू नये. पहिल्या वर्षी रोपाला मोजकी पाने येतात व वाटाण्याएवढा कंद तयार होतो. फुले येण्यास साधारणपणे तीन ते चार वर्षे लागतात.

बियांची रीत संथ असली, तरी तिचे दोन लाभ आहेत. जुन्या कंदाबरोबर येणारे कूज रोग त्यातून टाळता येतात, आणि प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळे असल्याने विविधता टिकते. विभाजनाने मिळणाऱ्या सर्व वेली मूळ वेलीच्या प्रतिकृती असतात.

ऊतिसंवर्धन : डोळ्याच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत रोपे तयार करण्याच्या पद्धतीही विकसित झाल्या आहेत. घरगुती बागेत त्या शक्य नसल्या, तरी मोठ्या प्रमाणावर निरोगी रोपे मिळवण्यासाठी त्यांचे महत्त्व आहे.

परागीभवन व बीजधारणा

कळलावीच्या फुलात परागकोश व कुक्षी एकमेकांपासून दूर असतात. कुक्षीवृंत बाजूला वळलेला असल्याने त्याच फुलातील पराग कुक्षीवर पडण्याची शक्यता कमी होते. फुलपाखरे व शिंजिरासारखे पक्षी एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे जाताना परागण घडवतात. बागेत एकटीदुकटी वेल असल्यास बोंडे कमी धरतात. अशा वेळी सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलाचा पराग मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीवरील फुलाच्या कुक्षीला लावतात. तमिळनाडूत बियांसाठी केल्या जाणाऱ्या व्यापारी शेतीतही बीजधारणा वाढवण्यासाठी असे हस्तपरागण केले जाते.

कीड व रोग

पावसाळ्यात लिलीवर पडणारी काळ्या रंगाची, पांढऱ्या व लाल ठिपक्यांची अळी कळलावीवरही आढळते. तिच्या पतंगाचे शास्त्रीय नाव, पॉलिटेला ग्लोरिओसी, याच वनस्पतीवरून पडले आहे. वेलीतील विषाचा तिला उपद्रव होत नाही. उलट ती पानांचा अल्पावधीत फडशा पाडते. मोजक्या वेली असल्यास अळ्या हातमोजे घालून वेचणे पुरेसे होते. सर्वांत हानिकारक रोग म्हणजे कंदकूज. निचरा सुधारणे, कुजलेले कंद काढून टाकणे आणि दरवर्षी त्याच वाफ्यात लावणी न करणे हे त्यावरील उपाय होत.

विषारीपणा

कळलावीत कोल्चिसीन हे अल्कलॉइड असते. कंद व बिया विशेष विषारी असतात. हे द्रव्य पेशींच्या विभाजनात अडथळा आणते. त्यामुळे ज्या ऊतींमध्ये पेशी सतत विभागतात, त्यांना म्हणजे आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा यांना प्रथम इजा होते. विषबाधा झाल्यास काही तासांत तोंडात व घशात जळजळ, मळमळ, तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढे रक्तदाब घसरणे, मूत्रपिंडासह अन्य अवयव निकामी होणे, रक्तपेशी घटणे असे गंभीर परिणाम होतात. बचावलेल्या रुग्णांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू शकतात. कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

सुरुवातीची लक्षणे काही काळ ओसरल्यासारखी वाटू शकतात; परंतु त्यावरून धोका टळला असे समजू नये. वनस्पतीचा कोणताही भाग पोटात गेल्याची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता, घरी कोणताही उपचार न करता, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ओळख पटावी म्हणून वनस्पतीचा तुकडा सोबत न्यावा.

लहान मुले, गुरे किंवा शेळ्या पोहोचतील अशा जागी कळलावी लावू नये. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत व नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बोंडातील लाल बिया मुलांना आकर्षित करतात; म्हणून बी धरायचे नसल्यास फुले सुकताच कोवळी बोंडे काढून टाकणे हितावह असते.

उपयोग

आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते व शोधन केल्याशिवाय ती औषधात वापरली जात नाही. गोमूत्रात भिजवणे ही शोधनाची प्रचलित रीत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या परिशिष्ट ई(१) मधील विषारी द्रव्यांच्या यादीतही लांगलीचा समावेश आहे. प्रसूतीसाठी किंवा गर्भपातासाठी तिचा घरगुती वापर प्राणघातक ठरू शकतो.

कोल्चिसीन हे द्रव्य १८२० मध्ये पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कॉल्चिकम या युरोपीय वनस्पतीपासून वेगळे केले. ते गाऊट या सांध्यांच्या विकारावर अत्यल्प मात्रेत दिले जाते. वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येत असल्याने १९३७ पासून वनस्पती प्रजननातही त्याचा उपयोग होतो. तमिळनाडूत या द्रव्यासाठी कळलावीच्या बियांचे व्यापारी उत्पादन घेतले जाते. नेदरलँड्स व जपानमध्ये फुलदाणीत ठेवण्याच्या फुलांसाठी तिची लागवड होते.

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत ही फुले गौरीच्या पूजेत वापरतात. हार गुंफण्यासाठी मात्र ती सोयीची नसतात.

संवर्धन

औषधी व्यापारासाठी जंगलातील कंद खणून नेल्याने कळलावी अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. बहुतेक रानफुले तोडल्याने झाड मरत नाही. कळलावीचा कंद काढला की त्या जागेवरील वेल कायमची संपते. जी संख्या विभाजनाने वाढण्यास अनेक वर्षे लागतात, ती एका दिवसाच्या खणतीत नाहीशी होऊ शकते. बी धरण्यापूर्वीच कंद उपटल्यास नव्या रोपांचा मार्गही बंद होतो.

त्यामुळे बागेसाठी कंद रानातून आणणे योग्य नाही. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कंद लागवड करणाऱ्यांकडून किंवा रोपवाटिकेतून घ्यावेत, अथवा बियांपासून वेल वाढवावी. बागेत वाढलेल्या वेलीचे कंद व बिया इतरांना देताना त्यांच्या विषारीपणाची माहितीही सोबत देणे आवश्यक आहे.